रंगरावांचं दुकानी इंग्रजी

रंगरावांना इंग्रजी येत होतं, पण गळ्यापासून घोट्यापर्यंतच. चेस्ट, वेस्ट, लूज, टाइट, कटिंग, ट्रायल. त्यापुढं गिऱ्हाईक काही बोललं की ते टेप गळ्यात टाकून नुसते हसायचे. एवढ्या भांडवलावर म्हैसूरच्या शिंप्यांत त्यांचा 'साहेबांचा टेलर' म्हणून दबदबा होता. तो घरातही चालवून बघायचे, पण घरात कुसुमबाई होत्या.

आणीबाणीत त्यांच्या जावयाला, नरहरीला, पोलिसांनी उचललं. सरकारविरुद्ध पत्रकं वाटली, एवढंच. खटला नाही, कोर्ट नाही. कुठल्या तुरुंगात घातलाय हेसुद्धा कुणी सांगेना. लेक तुंगा माहेरी येऊन दुकानात काजं करत बसायची. ठाण्यावर गेलं की उत्तर एकच, "गोत्तिल्ल, माहीत नाही. जावा."

अशात विलायतेच्या पार्लमेंटातले एक मेंबर म्हैसूर बघायला आले. देश किती शिस्तीत चाललाय ते त्यांना दाखवायचं होतं. पण चामुंडीच्या डोंगरावर नंदीपुढं ते नमस्काराला वाकले आणि पँटीनं मागच्या बाजूला शिस्त सोडली. सरकारी बंगल्यावरून रंगरावांना बोलावणं आलं.

"अहो, देवानंच उसवली ती," कुसुमबाई म्हणाल्या. "नरहरीचं घाला त्यांच्या कानावर. बाहेरच्यानं विचारलं तर सरकारला बोलावं लागतंय."

"अय्यो, मलाच आत घालतील की गं!"

"घालूदेत. जावयाला सोबत होईल."

तुंगानं एक लांबलचक इंग्रजी वाक्य पाठ करून दिलं. रंगराव ते जटक्यात, घोड्याच्या गाडीत, घोकत गेले, आणि बंगल्याच्या पायऱ्या चढताना सगळं सांडलं.

पँट शिवून झाली. पाहुणे ती घालून उभे राहिले. शेजारी वादिराज, पाहुण्यांवर डोळा ठेवायला नेमलेले अधिकारी. रंगराव गुडघ्यावर बसून पँटीची मोहरी ओढत राहिले, वाक्य काही वर येईना. मग दुकानात जे होतं तेच काढलं.

"सर, युवर पँट, ट्रायल. गुड. माय डॉटर्स हजबंड, नो ट्रायल."

"नो ट्रायल?" पाहुण्यांची भुवई चढली.

"नो ट्रायल, सर. डायरेक्ट इनसाइड. मेनी मंथ्स. व्हेरी टाइट." रंगरावांनी दोन्ही मनगटं जुळवून दाखवली.

वादिराज खो खो हसले. जावयाचा कोट ट्रायलशिवाय शिवला, बाह्या घट्ट झाल्या, म्हातारा सुम्मने, उगीच, रडगाणं गातोय, असं त्यांनी पाहुण्यांना समजावलं. पाहुणे हसले नाहीत. त्यांनी जावयाचं नाव विचारलं. रंगरावांच्या तोंडून ते त्यांना नीट कळेना, तेव्हा वादिराजांनीच स्पेलिंग सांगितलं. सावकाश, दोनदा.

त्याच दिवशी चहापानात पाहुण्यांनी मंत्र्यांना विचारलं, हा नरहरी कुठं आहे, आणि त्याला कोर्टापुढं केव्हा उभा करणार? मंत्री वादिराजांकडं बघत राहिले.

ही बातमी बंगल्यावरच्या खानसाम्याकडून आली, आणि रंगरावांची गाळण उडाली. दुकानाच्या दारात कुणी उभं राहिलं की ते मशीनखाली बॉबिन शोधायला लागायचे. शेवटी मंगळवारी वादिराज स्वतःच आले.

"रंगराव, माझी बदली केली हो, बीदरला! काय सांगितलंत त्या गोऱ्याला?"

मशीनखालून आवाज आला, "तुमच्यापुढंच की साहेब. नाव तर तुमीच दिलात."

वादिराज स्टुलावर टेकले. मग रस्त्याकडं एकदा बघून हळू म्हणाले, "जावई बळ्ळारीत आहे. शनिवारी भेटू देतील, वरून हुकूम गेलाय. खटल्याचं मात्र विचारू नका. ते अजून कुणालाच विचारता येत नाही."

तुंगाची सुई थांबली. "बरे आहेत न्हवं ते?"

"ते... ते मी नाही विचारलं, अम्मा."

"इतकं बोललात, तेवढंच राहिलं होय!" म्हणत कुसुमबाईंनी त्यांच्या हातात कॉफी दिली. शनिवार अजून लांब होता, पण तुंगानं आत जाऊन खाटेखालची ट्रंक ओढलीसुद्धा.