सात नंबरची प्लेट

वर्कशॉपमधले किस्से टेबलाखालच्या लोखंडी तुकड्यांसारखे असतात. मुद्दाम कोणी साठवत नाही, पण वाकून पाहिलं की ढीग दिसतो. माझ्या ढिगात बहुतेक तुकडे माझेच, वाया गेलेले!

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. नंदुरबार तेव्हा तालुक्याचं गाव, जिल्हा धुळ्याचा. कापसाच्या एका जिनिंगला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगचा वर्षभराचा वर्ग निघाला. शेवटी दोन परीक्षा आणि दोन सर्टिफिकिटं. एक जोड मारायचं, दुसरं दुसऱ्याचा जोड तपासायचं.

कोरीटला आमची कपाशीची शेती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निघतानाच सांगितलं, "एक वरीस देस तुले. दोन्ही कागद लई ये. नहीत कपाशी शेच!"

मला कपाशी नको होती. कापूस वेचून वेचून माझी बोटं आणि मन दोन्ही सोलून निघाली होती.

*

पहिल्या दिवशी लिमये सरांनी आर्क कसा पेटवायचा ते दाखवलं. काडी ओढतो तसा रॉड प्लेटवर ओढायचा आणि लगेच किंचित उचलायचा. मी ओढला, पण उचलायचं राहिलं. रॉड प्लेटला चिकटला. मी ओढतोय, प्लेट रॉडसकट वर येतेय, मशीन घूं घूं करतंय!

सरांनी धावत जाऊन स्विच बंद केला. "रघुनाथ, प्लेटला प्लेट जोडायचीय. रॉड नाही!"

तो रॉड काढायला आम्हाला छिन्नी घ्यावी लागली. वर्षभरातला माझा सर्वांत मजबूत जोड तोच.

*

सरांनी बजावलं होतं, काळ्या काचेशिवाय आर्ककडे बघायचं नाही. वर्गातले आम्ही सहाजण एकाच मेसमध्ये जेवायचो आणि सहाही जणांनी बघितलं. अशी निळी ठिणगी बापजन्मात पाहिली नव्हती, करणार काय!

दिवसभर काहीच झालं नाही. संध्याकाळी जेवायला बसलो आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं. भाकरीचा तुकडा मोडायचा, डोळे पुसायचे. सहाजण ओळीनं रडतोय!

मेसवाल्या रुखमाकाकू दारात येऊन थबकल्या. "काय व्हयनं रे भो? मिरची जास्त पडनी का?"

डोळे दिपले म्हणायची लाज वाटली. मी 'हो' म्हणून मान हलवली.

काकूंच्या ते जिवाला लागलं. पुढचे आठ दिवस त्यांनी भाजीत मिरचीच घातली नाही. खानदेशी माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. डोळे दोन दिवसांत बरे झाले, जीभ मात्र आठ दिवस उपाशी राहिली.

*

या पापाची भरपाई म्हणून मी काकूंचं पिण्याच्या पाण्याचं गळकं पिंप वर्कशॉपमध्ये आणलं. जोड मारला. नुकतीच गळतीची तपासणी शिकलो होतो. जोडाला बाहेरून चुना फासायचा, आतून रॉकेल लावायचं. जोड कच्चा असेल तर रॉकेल झिरपून चुन्यावर काळा डाग उमटतो.

मी हात राखून काम केलं नाही. आतून चांगलं भरपूर रॉकेल चोपडलं. चुना शेवटपर्यंत पांढराशुभ्र! मी पिंप डोक्यावर घेऊन वाजतगाजत मेसमध्ये नेलं.

पंधरा दिवस चहाला रॉकेलचा वास. वरणाला रॉकेलचा वास. खापर गावचा हिरामण, आमच्यातला सर्वांत निगुतीचा कारागीर, जेवून उठला की म्हणायचा, "आता कोणी विडी पेटवू नका रे!"

सरांनी पिंप पाहिलं. "तपासणी उत्तम. आता यात काय भरायचं, तेवढं ठरव."

काकू एवढंच म्हणाल्या, "तुन्हा हात लागाना आगोदरच बरं व्हतं!"

*

हंगामात आबा कापसाची गाडी घेऊन शेजारच्या जिनिंगवर यायचे. तिथला ग्रेडर गाडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचा, मधला कापूस उपसायचा आणि म्हणायचा, "दोन नंबर." आबांचा आवाज मग आमच्या शेडपर्यंत ऐकू यायचा. त्यांच्या मते त्यांचा कापूस जन्मापासून एक नंबरच होता. खरं तर गाडी लावून उभ्या असलेल्या प्रत्येकाचाच होता.

एकदा भांडण आटोपून ते शेडच्या दारात येऊन उभे राहिले. मला स्फुरण चढलं. मी ताजी प्लेट उचलून मोठ्यानं म्हणालो, "सर, फर्स्टक्लास जोड!"

सरांनी ती शिकंज्यात धरून एक हातोडा घातला. दोन तुकडे झाले, आणि आत सगळी भोकं.

आबांनी वाकून भोकं पाहिली. "आमना ग्रेडर बी आसाच शे," ते म्हणाले, "वरतून दखतच नही." आणि निघून गेले. बापलेक दोघांचंही त्या दिवशी दोन नंबर.

*

परीक्षेला बाहेरून एक साहेब आले. सकाळी प्रत्येकानं प्लेट जोडली आणि मागच्या बाजूला आपला नंबर ठोकला. माझा सात. दुपारी सगळ्या प्लेटा मिसळून, नंबर खाली करून टेबलावर मांडल्या. ज्याच्यापुढे जी येईल ती त्यानं तपासायची. पास म्हटलं तर ती तशीच पास. नापास म्हटलं तर फोडून बघायची.

माझ्यापुढे आली ती प्लेट वरून देखणी होती. फक्त शेवटी जोडाला डावीकडे वळलेलं एक शेपूट होतं.

वर्षभर ते शेपूट सरळ करायला मी धडपडलो होतो. हे माझंच!

आणि आत काय आहे, हे जगात मला एकट्याला ठाऊक होतं. सकाळी मध्येच आर्क तुटला होता. घाईत जोडावर साचलेली मळी, म्हणजे धातूचं जळकं कीट, न खरवडताच मी वरून पुढचा थर ओढला होता.

"बोला," साहेब म्हणाले. "पास की नापास?"

पास म्हटलं की दोन्ही कागद हातात. बाहेर आबा रिकामी गाडी घेऊन उभे होते. मी कपाशीकडेच परत येणार हे धरून माझी वळकटी त्यांनी आधीच गाडीत टाकली होती.

प्रामाणिकपणा वगैरे म्हणायला मला आवडेल. पण लिमये सर माझ्या मागेच उभे होते आणि ते शेपूट त्यांनाही ओळखता येत असावं, अशी मला दाट शंका होती.

"नापास, साहेब."

"वरून तर छान दिसतेय!"

"आत मळी आहे. डावीकडून तीन बोटांवर."

हातोडा पडला. डावीकडून तीन बोटांवर काळी मळी! साहेब खूश झाले. त्यांनी तुकडा उलटा केला. "सात नंबर कोण?"

"मीच, साहेब."

आधी हिरामण हसला, मग सगळी शेड. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि कागदावर दोन ओळी लिहिल्या. तपासणी: पास. वेल्डिंग: नापास, सहा महिन्यांनी पुन्हा.

एकच कागद घेऊन मी बाहेर आलो. आबांना सगळं सांगितलं, प्लेटचे तुकडेसुद्धा दाखवले. त्यांनी ते बराच वेळ हातात फिरवले.

"जिंदगी गयी मन्ही जिनिंगवर," ते म्हणाले. "पन स्वतःना कापूसले दोन नंबर म्हननारा मानूस आजच दखा."

मग त्यांनी गाडीतली माझी वळकटी उचलली आणि शेडच्या दारात परत नेऊन ठेवली.