पाहुणा नव्हता म्हणून

खिंडीजवळच्या विश्रामगृहात व्यवस्थापक कोणीही असो, हुकूम चालायचा तो ताईंचा. गाडीतून उतरलेल्या पाहुण्याच्या हातात आधी कोमट पाणी, मग किल्ली.

"आज फिरायचं नाही. दारूला हात लावायचा नाही. डोकं दुखलं तर गुपचूप गोळी गिळायची नाही, मला सांगायचं."

एखादा पैलवान हसायचा. ताई म्हणायच्या, "हवा विरळ आहे बाबा, दंड बघून जास्त येत नाही."

विरळ हवा बाधल्याचा संशय आला की पाहुण्याला फरशीच्या रेघेवरून पावलापुढे पाऊल चिकटवत चालायला लावायचं. तोल गेला की गाडी खाली, तिथे दयामाया नाही. सतरा वर्षांत कित्येकांना त्यांनी असं वेळेत उतरवलं होतं.

त्या दिवशी बॉयलर बिघडला. ताईंनी धाकट्या भावाला फोन लावला. तो खाली, सपाटीवरच्या शहरात प्लंबर.

"ताई, वाटेत एक मुक्काम करून येऊ का?"

"तू काय पाहुणा आहेस? आजच ये. इथे वीस माणसं गार पाण्याने बोंबलताहेत."

पहाटे निघून तो दुपारी पोचला आणि पान्हे घेऊन थेट कामाला लागला. डोकं ठणकतंय म्हणाला.

"कामाचं नाव काढलं की लहानपणापासून दुखतं तुझं डोकं!"

मग तो ओकला. हातातून पान्हा निसटायला लागला, जीभ अडखळली, दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चार वर्षं सोडलीय म्हणून जगाला सांगत होते रे मी! आज परत?"

"नाही गं ताई... नाही..."

"पड जा आत. उतरली की बोलू."

पांघरूण टाकून त्यांनी दार ओढून घेतलं.

दोन तासांनी त्या चहा घेऊन गेल्या. हलवलं तर डोळे किलकिले करून तो त्यांना "आई" म्हणाला. ताईंनी त्याच्या तोंडाशी नाक नेलं. दारूचा वास नव्हताच. चालत्या-बोलत्या परक्यांना रेघेवर चालवणाऱ्या ताईंनी सख्ख्या भावाला नुसतं कोंडून ठेवलं होतं.

"गाडी काढा! सिलिंडर आणा!"

तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोकं ताईंच्या मांडीवर, आणि गाडी घाट उतरू लागली. खालच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन भरता भरता विचारलं, "तोल कधीपासून जातोय?"

"आत्ताच," ड्रायव्हर घाईने म्हणाला. "लगेच निघालो आम्ही."

"खोटं आहे ते," ताई म्हणाल्या. "निघायच्या दोन तास आधीपासून. मला वाटलं, प्यायलाय. मीच झोपवला त्याला."

डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने ताईंना ओळखलं. "तू होतीस म्हणून वाचलो गं."

ताईंनी हातातला चमचा खाली ठेवला. "आधी ऐक, मग म्हण." आणि सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता.



"मला धड काही आठवत नाही," तो म्हणाला. "पण मी नाही म्हणत होतो ना, ताई?"

"म्हणत होतास."