आसरा दिसल्या, पण विहीर कुठंय?

बायांनो, भावांनो, आज दुपारचीच गोष्ट सांगते. लिहिताना चुकलं तर समजून घ्या.

लेकीच्या घरासाठी जावयाला आणि नातवाला घेऊन नशिराबादकडे प्लॉट बघायला गेलो होतो. मालक नाना फार गोड बोलणारा. "अक्का, सपाट जमीन शे, उद्या पाया खोदा." आमचा चार वर्षांचा नातू मोकळी जागा बघून पळत सुटला.

तेवढ्यात कोपऱ्यात गवतात मला शेंदूर लावलेले सात दगड दिसले. आसरा! आमच्याकडे पाण्याच्या या देवी विहिरीच्या काठावरच मांडतात.

मी विचारलं, "नाना, विहीर कोठे शे?"

"आठे विहीर नही शे, अक्का."

"मंग या आसरा आठे काय हवा खावाले बठ्यात?"

इकडे नातू त्या दगडांपुढच्याच मातीवर उड्या मारत होता! जावई धावला, त्याला उचललं. मी बाजूला पडलेली पहार तिथं आपटली तर खालून पोकळ आवाज आला.

मग नाना बोलला, "जुनी विहीर शे. फळ्या टाकीसन वरून माती टाकी दिन्ही. सांगतू तं कोन लेतं?"

अरे बाबा, सांगितलं असतं तर आम्ही ती नीट बुजवून घेतली असती, घर लांब बांधलं असतं. आता फुकट दिला तरी नको तुझा प्लॉट.

विहीर झाकली, पण आसरा हलवायला भ्याला तो. देवीचा कोप होईल म्हणून दगड तसेच ठेवले. मला एवढंच सांगा, वरून कोणाचं लेकरू चालेल याची भीती नसेल का वाटली त्याला?