दारातलं स्वयंचलित गुलाबपाणी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका सहसा भिजत नाहीत. आमच्या मयूर विहारच्या घरी भिजल्या.

नव्या सोसायटीतलं सुनंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, हे पहिलंच हळदीकुंकू. शेजारणींत तिची पत त्यावर ठरणार होती. म्हणून मी (कुणीही विचारलेलं नसताना!) दारात गुलाबपाण्याचं यंत्र बसवलं. समोर माणूस दिसला, की सेन्सर चिपला कळवणार आणि चिप इवल्याशा पंपाला फवारायला लावणार.

चिपमध्ये प्रोग्राम उतरवायला एक डबी लागते, प्रोग्रामर. इंजिनीअरिंगला असलेली आमची गौरी म्हणाली, "बाबा, यार, डीबगरवाला घे. काही अडलं तर प्रोग्राम मध्येच थांबवून आत काय चाललंय ते दाखवतो."

"माझ्या यंत्राचं अडेल कशाला?" असं म्हणून मी साधा घेतला. नुसता प्रोग्राम ओततो आणि गप्प बसतो!

पहिल्या आल्या समोरच्या भाटियाबाई. मी यजमानाच्या थाटात दारातच उभा. फुस्स! "वाह, भाई साहब!" मी कृतार्थ. पण फवारा थांबेचना! मागून येणारी प्रत्येक बाई भिजू लागली. तीही दिल्लीच्या जानेवारीत!

"अहो, बंद करा ते!" सुनंदा.

"एक मिनिट!" मी यंत्राच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा राहिलो.

"मेन स्विच पाडा!"

तिथूनच हात लांबवून पाडला. क्षणभर अंधार झाला आणि आमच्या कर्तव्यदक्ष इन्व्हर्टरनं पंप पुन्हा सुरू केला.

"भाई साहब, ये हल्दी-कुंकू है या होली?" भाटियाबाई.

"वायर उपटा हो!"

"अगं, चिपला काही झालं म्हणजे?"

शेवटी गौरीनं मैत्रिणीकडून आणून ठेवलेला डीबगर लॅपटॉपला जोडला. शाली पिळत बायका लांबून बघू लागल्या. तिनं प्रोग्राम थांबवून पाहिला, पुन्हा चालू केला.

"प्रोग्राम बिल्कुल ठीक आहे. समोर माणूस आहे, एवढंच म्हणतोय सारखा."

"माणूस? सगळ्या तर पळाल्या!" मी गरजलो.

"बाबा, जरा बाजूला हो."

झालो. पंप थांबला.

"आता पुढे ये."

आलो. फुस्स!

आधी भाटियाबाई हसल्या, मग सगळ्या, आणि शेवटी, निथळत्या पदरानं डोळे पुसत, सुनंदाही. असं हळदीकुंकू सोसायटीत कुणाकडेच झालं नव्हतं म्हणे!

पुढच्या वर्षीही यंत्र हवंच, असं तिथल्या तिथे एकमतानं ठरलं. मला मात्र त्या दिवशी मेट्रोत बसवून द्यायचं, शेवटच्या स्टेशनापर्यंत!