बतावो साहेबांची रविवारची सही

९ एप्रिल. लेखापरीक्षणाच्या प्रात्यक्षिक गुणांचा तक्ता भरायला बसले आहे. शेवटचा रकाना बाहेरच्या तज्ज्ञाच्या सहीचा. दहा वर्षं तिथे बतावो साहेबांची सही असायची. होळीनंतर ते सुरत सोडून अमळनेरला मुलीकडे राहायला गेले. यंदा नवीन बाई आहेत, हुशार आहेत. तरी तो रकाना आला की साहेब आठवतात.

हे नाव मुलांनी ठेवलेलं. कोणी काहीही सांगितलं की साहेब गुजरातीत म्हणत, "बतावो." दाखवा. शिपायाने चहा ठेवलाय म्हटलं तरी आधी कप बघत, मग बसत. गृहस्थ सनदी लेखापाल, वडील खानदेशातून येऊन लूमवर राबलेले. मी अठरा वर्षं हा विषय पुस्तकातून शिकवत होते. प्रत्यक्ष काम करणारी माणसं वर्गात बोलवावीत असं विद्यापीठाने ठरवलं, तेव्हा मीच त्यांना गळ घातली.

पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. कॉलेजचं डेड स्टॉक रजिस्टर मागवलं आणि मुलांना पंखे मोजायला पाठवलं. रजिस्टरात बारा, छताला अकरा. बारावा प्राचार्यांच्या घरी निघाला. प्राचार्यांनी महिनाभर साहेबांना चहाला बोलावलं नाही. साहेबांनी ते मनावर घेतलं नाही. मुलांचा तास चांगला झाला, एवढंच म्हणाले.

सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी मुलांना रसायनांचे ड्रम बोटांनी ठोकायला लावले होते. भरलेल्याचा आवाज बद्द, रिकाम्याचा टणटणीत. गोदामवाला छापील यादी पुढे करून म्हणत होता, साहेब, उन्हात कशाला, सगळं यात आहे. साहेबांनी यादीची घडी करून खिशात घातली. आधी मोजू, मग वाचू, हा त्यांचा क्रम. मीही त्या दिवशी ड्रम ठोकले. बोटं दोन दिवस दुखत होती.

त्यांचं माझं वाजलं ते कल्पनावरून. कल्पना सुरतच्या पांडेसरा या कामगार वस्तीतली, शिरपूरकडच्या कुटुंबातली. घरी आईबरोबर साड्यांवर खडे चिकटवायचं काम करायची. गुरुवारी कारखान्याची भेट होती आणि नेमका त्याच दिवशी माल परत द्यायचा होता, म्हणून ती आली नाही. त्या भेटीचे गुण नसतील तर तिचं वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं तर घरचे शिक्षण बंद करणार, हे मला ठाऊक होतं. मी हजेरीपत्रकात तिच्या नावापुढे 'हजर' लिहून टाकलं.

शुक्रवारी तक्ता साहेबांपुढे ठेवला. त्यांनी सगळ्यांच्या नावापुढे सह्या केल्या, तिच्यापुढे पेन थांबलं. "मॅडम, हिला मी तिथे पाहिलं नाही."

मी वाद घातला. तुमच्याच भागातली पोरगी आहे, तुमचे वडील काय करत होते ते आठवा, असंही बोलून गेले. ते चिडले नाहीत. फक्त तिचा पत्ता मागितला आणि रविवारी तुम्हीही चला म्हणाले.

रविवारी दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला नव्याने आलेल्या साड्यांची थप्पी होती. साहेब जमिनीवर बसले. व्यापाऱ्याची चिठ्ठी मागितली. साठ साड्या. मग कल्पनाला अहिराणीत म्हणाले, "आते मोज. माले दखाड." आता मोज, मला दाखव.

तिची आई संकोचली. "शेठना माणूस मोजीसन देस, भाऊ." शेठचा माणूस मोजून देतो, मग आपण कशाला मोजायचं, असा तिचा हिशेब. कल्पनाने झालेल्या, राहिलेल्या आणि डाग पडलेल्या साड्या वेगळ्या लावल्या. अठ्ठावन्न भरल्या. पोरीचा चेहरा उतरला. तिने पुन्हा मोजल्या, चिठ्ठी उलटसुलट पाहिली आणि एकदम उठून शेजारी गेली. दोन साड्या शेजारणीकडे कामाला दिलेल्या होत्या. त्या घेऊन आली, नोंद लिहिली, शेजारणीचा अंगठाही घेतला.

"हे तुला कोणी सांगितलं?" साहेबांनी अंगठ्याकडे बोट दाखवून विचारलं.

"कोणीच नाही, सर. उद्या ती नाही म्हणाली तर?"

साहेब हसले. तक्त्यावर तिच्या नावापुढे सही केली, तारीख रविवारची घातली आणि खाली लिहिलं: पांडेसरा, राहतं घर.

रिक्षात मी समाधानाने बसले होते. तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, तिचं काम झालं. तुमचा 'हजर' अजून तिथेच आहे."

पुढे विद्यापीठाने थोडी कुरकुर करून तो तक्ता घेतला, कल्पना पास झाली. आज ती सचिनमध्येच एका लेखापालाकडे काम करते. पण रविवारी रिक्षात यातलं काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेज उघडल्याबरोबर मी हजेरीपत्रक काढलं. गुरुवारच्या रकान्यातलं 'हजर' खोडलं, 'गैरहजर' लिहिलं, शेजारी पूर्ण नावानिशी सही केली आणि तसंच उघडं पत्रक नेऊन प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलं.