वाचनाचा डोळा

हसायचं असेल तर आधी चहाचा कप खाली ठेवा, मग सांगतो. खोटं बोलून माणसं नोकरी मिळवतात, स्थळ मिळवतात. मी खोटं बोलून चुकीचं भिंग मिळवलं, आणि तेही स्वतःच्याच डोळ्यात, कायमचं.

मी निवृत्त ग्रंथपाल. कर्वेनगरला दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आणि गॅलरीसमोर सोसायटीचं फाटक. निवृत्तीनंतर माझा दिवस त्या गॅलरीतच जातो. कोण आलं, कुणाबरोबर आलं, पट्ट्याबाहेर गाडी कुणी लावली, हे कुणीतरी पाहायला नको का? वॉचमन तर मोबाइल पाहतो.

वर्षभरापासून मात्र फाटकावरची माणसं दुधात बुडवून काढल्यासारखी दिसायला लागली. एकदा मी वरूनच एकाला सुनावलं, "विक्रेत्यांना आत प्रवेश नाही." तो आमचा जावई होता. त्या दिवशी मोतीबिंदू काढायचं घरात एकमताने ठरलं.

डॉक्टर तरुण आणि बोलायला गोड. म्हणाल्या, लेझरने मोतीबिंदू फोडायचा, तो काढायचा आणि त्या जागी कृत्रिम भिंग बसवायचं. दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणारं भिंग माझ्या डोळ्याला मानवणार नव्हतं. म्हणजे एक काहीतरी निवडायचं, दुसऱ्यासाठी चष्मा.

माझं उत्तर तयार होतं. दूरचं! फाटकासाठीच तर आलो होतो. एवढ्यात त्यांनी फाइल पाहिली.

"अरे वा, ग्रंथपाल होतात? मग वाचन दांडगं असेल."

आता तुम्हीच सांगा, यावर काय म्हणायचं? तीस वर्षं मी पुस्तकांच्या पाठीवरचे फक्त नंबर वाचले, असं?

"दिवसाचे आठ तास," मी म्हणालो.

एकदा सुरुवात केली की मला थांबता येत नाही. टीव्ही बघता का? घरात आहे, हिच्यासाठी. गाडी चालवता? सोडली. फिरायला जाता? पुस्तकातून डोकं वर निघेल तर ना! डॉक्टर भारावल्या. खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी बायकोला विचारलं. चाळीस वर्षं मला ओळखणारी ही बाई शांतपणे म्हणाली, "हे म्हणताहेत तसंच करा." तो गोड आवाज मला तेव्हाच खटकायला हवा होता.

उजव्या डोळ्यात वाचनाचं भिंग बसलं. ऑपरेशन उत्तम झालं, त्यात काही खोट नाही. औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं बिनचष्म्याची दिसू लागली. फाटकावर मात्र कुणीतरी आहे, एवढंच कळे.

मग दूरचा चष्मा करून घेतला. तिथे वेगळीच अडचण. पूर्वी मी गॅलरीत नुसता बसलेला म्हातारा होतो. आता चष्मा चढवला की खाली सगळे सावध. तळमजल्यावरच्या काकूंनी तर एकदा थांबून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "चष्मा लावलात वाटतं. हळू चालते, म्हणजे नीट दिसेल."

तेव्हापासून लाजेकाजेस्तव मांडीवर पुस्तक घेऊन बसतो. दोन महिने झाले, तेराव्या पानावर आहे.

मग डाव्या डोळ्याची पाळी आली. "काका, याही डोळ्यात वाचनाचंच भिंग ना?" डॉक्टरांनी विचारलं आणि मला घाम फुटला. हाही डोळा पुस्तकांना गेला असता तर उरलेलं आयुष्य चष्मा लावून पकडलं जाण्यात गेलं असतं. मी पुटपुटलो, या वेळी दूरचं बघा.

"दूरचं काय पाहायचंय?"

मी टेकडी, झाडं, पक्षी असं काहीबाही सुरू केलं.

"फाटक," बायको म्हणाली. दोन महिने तिने हा एक शब्द जपून ठेवला असावा.

डॉक्टर हसल्या नाहीत. पेन उचलून त्यांनी विचारलं, "किती लांब आहे?"

बायको काही बोलायच्या आत मीच बोलून गेलो, "बावीस मीटर. पाण्याचा टँकर आडवा आला तर दिसत नाही, मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहावं लागतं."

डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं. तीस वर्षांच्या नोकरीत ग्रंथालयातल्या एकाही पुस्तकाबद्दल मला इतकी नेमकी माहिती कधी देता आली नव्हती.