नाव कोरणाऱ्या ताई

आरपार दिसणारी काच माझ्या मोठ्या नणंदेला बघवत नाही. देवाने माणसाला काच दिली ती पलीकडचं दिसावं म्हणून, हे त्यांना मुळीच मान्य नाही. त्यांच्या मते ती दिली कोणाचं तरी नाव कोरायला. आर्वीला त्यांच्या घरी कोरी काच शोधायची म्हटली तर थेट छताच्या बल्बकडे बघावं लागेल, आणि तोही खुर्चीवर चढलं की ताईंचे गुडघे दुखतात म्हणूनच वाचला आहे.

हा नाद त्यांना पाय मोडून घरी बसल्या तेव्हा लागला. मोबाइलवर काहीतरी बघता बघता त्यांना काच कोरायचं क्रीम दिसलं. काचेवर चिकटकागद लावायचा, त्यात ब्लेडने अक्षरं कापायची, उघड्या जागेवर ते क्रीम थापायचं, थोडं थांबून धुवायचं. तेवढी जागा दुधी होते आणि मग जन्मात पुसली जात नाही. ताईंनी पहिल्यांदा लोणच्याच्या बरणीवर ‘कोरडा चमचा’ असं कोरलं, आणि घरातल्या माणसांना आयुष्यभर ओरडून जे कळलं नव्हतं ते कळलं. त्या दिवसापासून त्यांचा काचेवर जो विश्वास बसला तो बसलाच.

आता त्यांच्याकडे प्रत्येक नातेवाइकाच्या नावाचा ग्लास आहे. पाणी मागितलं की आपल्याच नावाचा ग्लास समोर येतो, आणि चुकून दुसऱ्याच्या ग्लासाला तोंड लावलं तर ताई असं बघतात की घोट घशात अडकावा. सिलिंडर आणून देणाऱ्यासाठीही एक आहे. ज्याचा ग्लास नाही असा पाहुणा आला तर त्याला स्टीलच्या ग्लासात पाणी मिळतं आणि नावातली जोडाक्षरं नीट विचारून घेतली जातात. पुढच्या खेपेला ग्लास तयार.

माप घेणं मात्र त्यांना कमीपणाचं वाटतं. एका लग्नात त्यांनी दिलेल्या फुलदाणीवर ‘शुभविवा’ एवढंच मावलं आणि ‘ह’ पाठीमागे गेला. नवरीच्या आईने चाचरत दाखवलं, तर ताई म्हणाल्या, “फिरवलं का दिसते ना ह! गेला कुठी तो?” बाथरूमच्या आरशावर त्यांनी बरोबर मधोमध पिसारा फुलवलेला मोर काढला आहे. आमचे भाऊजी, म्हणजे ताईंचे यजमान, कापडाचे व्यापारी, अत्यंत शांत माणूस. मोरामुळे त्यांना आपला एक गाल दिसायचा नाही, म्हणून तो नेहमी अर्धवट दाढीचा असायचा. एकदा त्यांनी माझ्यासमोर हळूच विषय काढला. “मोर हलत नाई,” ताई म्हणाल्या. “तुम्ही हाला.” भाऊजी तेव्हापासून हलतात.

आमच्या लेकीचं, पल्लवीचं लग्न ठरलं तेव्हा ताईंना जो हुरूप आला तो काय सांगावा. पाण्याचा काचेचा जग आणि त्याच्याबरोबरचे ग्लास, सगळ्यांवर एका बाजूला ‘पल्लवी’, दुसऱ्या बाजूला ‘निखिल’ आणि मधून दोघांना जोडणारी वेल. आर्वीहून समुद्रपूरला आमच्या घरापर्यंत गाड्या बदलत, खोकं मांडीवर घेऊन त्या आल्या. कंडक्टर म्हणाला, खाली ठेवा. “माह्या भाचीचा संसार हाय तो,” ताई म्हणाल्या. “पायापाशी ठेवू?”

हळद आठवड्यावर आली असताना मुलाकडच्यांचा फोन आला. मुलाचा विचार बदलला होता. बस, एवढंच. पल्लवीच्या बाबांनी कारण विचारलं, तर पलीकडून फोन ठेवून दिला. नागपूरच्या नोकरीतून रजा घेऊन आलेली पल्लवी खोलीत गेली ती जेवणापुरतीच बाहेर यायची. रडायचीही नाही. विचारलं की म्हणायची, “मी ठीक आहे, आई.” शेजारपाजारचे यायचे, चहा घ्यायचे आणि निघून जायचे. ते खोकं मी कपाटावर चढवलं. फोडावं तर ताईंची मेहनत, ठेवावं तर ते नाव.

मग एका सकाळी ताईच दारात उभ्या. हातात मोठी पिशवी. पाणीसुद्धा न पिता म्हणाल्या, “सुनंदा, सेट काढ.”

मला रागच आला. “ताई, आता नको. पोरीची काय हालत आहे बघा तरी.”

“तेच पाह्यले आली. हे का भिजत घातल्यानं जाणार हाय काय?” असं म्हणत त्यांनी पिशवीतून चिकटकागद काढला, क्रीम काढलं, हातमोजे काढले आणि शेवटी भाऊजींचं हेल्मेट काढलं. क्रीम डोळ्यांत जाऊ नये म्हणून ताई हे काम हेल्मेट घालूनच करतात. त्याची काच प्लास्टिकची आहे आणि कोरली जात नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

“कोरलेलं पुसल्या जात नाई,” त्या मला समजावू लागल्या, “पण आजूबाजूची सारी काच दुधी केली का नाव त्याच्यात जाते. दुधात दूध टाकलं, मग कोणतं पह्यलं अन् कोणतं मागचं, कोण सांगते?”

पल्लवी कधी येऊन दारात उभी राहिली ते कळलंच नाही. “आत्या,” ती म्हणाली, “मी करते.”

ताईंनी हेल्मेट तिच्या डोक्यावर चढवलं आणि पट्टा लावला. ‘पल्लवी’वर कागद चिकटवून ते झाकलं आणि ब्रश तिच्या हातात दिला. पोर एकेका ग्लासावर क्रीम लावत गेली. जरा वेळाने हेल्मेटची काच आतून धुकट झाली. मग खांदे हलू लागले. मी पुढे झाले, तर ताईंनी माझा हात घट्ट धरला. पल्लवीचा हात हेल्मेटच्या काचेकडे जाताच त्या दटावून म्हणाल्या, “उघडू नको वं! डोये सांभाळ. होऊ दे तुह्यं काम.” आणि माझ्याकडे न बघता कागदाचे तुकडे गोळा करत बसल्या. पल्लवी त्या हेल्मेटमध्ये पोटभर रडली, आणि हात एकदाही थांबला नाही.

सगळं धुऊन ओट्यावर मांडलं तेव्हा अर्धी काच पहाटेच्या धुक्यासारखी दिसत होती आणि पलीकडे तिचं एकटीचं नाव. घामाने केस चिकटलेली पल्लवी म्हणाली, “आत्या, वेल मध्येच तुटली.”

“तुटली नाई. तिकडून अजून वाढाची हाय,” ताई म्हणाल्या आणि आता कुठे त्यांनी पाणी मागितलं.

संध्याकाळी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. ताई गाडी लागता लागता म्हणाल्या, “मले वाटे सुनंदा, नाव कोरलं का पक्कं होते.” मी पिशवी आत चढवून दिली.

पल्लवी महिनाअखेर नागपूरला रुजू झाली, जग आणि दोन ग्लास घेऊन. ताईंचं कोरणं जोरात चालू आहे. बारसं, वास्तुशांत, निवृत्ती, त्या काही सोडत नाहीत. फक्त लग्नाची भेट त्या आता लग्नात देत नाहीत. जेवतात, आशीर्वाद देतात, रिकाम्या हाताने परत येतात. वर्ष जातं, कधी दोन जातात. कोणी थट्टेने विचारलंच, की ताई, आमच्या पोरांचे ग्लास राहिले, तर त्या पदराने चष्मा पुसत म्हणतात, “नांदू तं द्या आधी.”